हेल्मेटमधला रेडिओ आणि माझा डावा कान

“तुमच्या मुलीला कानानं जरा कमी येतं का हो?”

तळमजल्यावरच्या काकूंनी आईला हे विचारलं तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. डोक्यात हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला. एवढ्या जाड टोपात आपलं बोलणं शिरणार नाही असं काकूंना वाटलं असावं, कारण त्यांनी आवाज फारसा खाली आणलाच नव्हता. आई त्यांच्या खिडकीशी उभी होती. काकूंच्या कुंडीतला कढीपत्ता आमच्या फोडणीत जायचा, त्यामुळे त्यांचे असे प्रश्न आईला ऐकून घ्यावे लागायचे.

“छे हो,” आई म्हणाली. “लाजते ती. पहिल्यापासून तशीच आहे.”

“लाजणं वेगळं. मी दोनदा हाक मारली, ढिम्म हलली नाही. आत्ताच दाखवून घ्या कुणाला तरी. पुढे बघायला पाहुणे आले की असल्या गोष्टी बरोब्बर बाहेर पडतात.”

त्या दोन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. पहिल्या हाकेला मी “हां आंटी” म्हणणार होते, पण काकूंना आंटी म्हटलेलं चालत नसे. दिल्लीतल्या आमच्या सरकारी घरांच्या ओळीत बंगाली, तमिळ, पंजाबी असे सगळे होते आणि मराठी घरं मोजकी, त्यामुळे आम्हा मुलांच्या मराठीवर काकूंचं लक्ष असायचं. “काय काकू” म्हणावं तर ते उद्धट वाटेल का, “काय म्हणता” की “काय म्हणताय”, हे माझं ठरेपर्यंत दुसरी हाक आली. तोवर उशीर झाला होता. उशिरा ओ देण्यापेक्षा ऐकलंच नाही असं दाखवणं मला नेहमी सोपं वाटत आलं.

एरवी काकूंच्या बोलण्याचं मला मनातल्या मनात हसू आलं असतं. त्या सकाळी आलं नाही. काकूंनी मोठ्यानं विचारलं तेच मी काही आठवडे स्वतःला विचारत होते.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी घरातून मी तेव्हा रोज गुडगावला जात होते. एका नव्या काचेच्या इमारतीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याच्या नोकरीचं ट्रेनिंग चालू होतं. नोकरी पक्की झाली असं अजून म्हणता येत नव्हतं. ट्रेनिंग संपलं की कानांची तपासणी, आणि तपासणी नीट आली की नेमणूक, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दिवसभर कानाला हेडसेट लावून बसायचं काम, तेव्हा ते रास्तच होतं.

मला ती नोकरी का हवी होती ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. समोर माणूस असला की माझं बोलणं अडतं. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. पण हेडसेट लावून, पडद्याकडे बघत, जो मला कधीच भेटणार नाही अशा माणसाशी बोलताना माझं काहीच अडत नाही, हे त्या ट्रेनिंगमध्ये मला कळलं. आमची ट्रेनर माझं बोलणं रेकॉर्ड करून इतरांना ऐकवायची. मी मान खाली घालून बसायचे, पण आत कुठेतरी फार बरं वाटायचं. आणि नोकरी झाली नाही तर पुढचं ठरलेलं होतं. बाबांच्या ओळखीची, महाराष्ट्रातून आलेली मुलं करोलबागेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. त्यांच्याच क्लासमध्ये माझं नाव घालायचं. त्या परीक्षेच्या शेवटी एक मुलाखत असते. टेबलापलीकडे ओळीनं माणसं बसतात आणि सगळी आपल्याकडे बघतात.

बाबा एका केंद्रीय खात्यात इंजिनिअर होते. त्या हिवाळ्यात त्यांचं काम गुडगावच्या पुढे, एका सरकारी इमारतीच्या साइटवर होतं, म्हणून मला सोडणं त्यांच्या वाटेवर पडे. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्या बाईला तेव्हा दिल्लीत हेल्मेटची सक्ती नव्हती. बाबांची होती. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या, डोक्याला नुसती ओढणी गुंडाळलेल्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या.

शहरात नवी एफएम स्टेशनं नुकतीच सुरू झाली होती आणि बाबांना त्यांचं वेड लागलं होतं. एका रविवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी आमची दोन्ही हेल्मेटं उघडली. जुन्या इअरफोनच्या पातळ चकत्या काढून कानाशी येणाऱ्या गादीच्या मागे चिकटवल्या. खिशात मावणारे दोन रेडिओ आणले, एक त्यांना, एक मला. स्वतःच्या हेल्मेटमध्ये त्यांनी एकच चकती बसवली, उजवीकडे. चालवणाऱ्याचा एक कान रस्त्याकडे पाहिजे, असं म्हणाले. माझ्या हेल्मेटमध्ये मात्र दोन.

“आणि मागे बसणारीचा कान कुणीकडे?” आईने आतून विचारलं.

“मागे बसणारीला रस्त्याशी काय करायचंय? तिने गाणी ऐकावी.”

दोन्ही चकत्या त्यांनी स्वतःच्या कानांना लावून पाहिल्या, मान डोलावली, आणि गादी परत बसवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेट घालून खाली आले तेव्हा त्यांनी गाडी सुरू केलेली होती. माझ्या हेल्मेटमधून निघालेली वायर कंबरेपर्यंत लोंबत होती. बाबांनी मान वळवून इंजिनच्या आवाजावरून मला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं ते असं: “वायर, सेल ठेव हं, नाहीतर खरखर येईल.”

मला त्यात काही अवघड वाटलं नाही. सेल उतरले की रेडिओ खरखरतो, हे मलाही माहीत होतं. म्हणजे जादा सेल बरोबर ठेवायचे आणि ही लोंबणारी वायरही नीट ठेवायची. मी “एक मिनिट” म्हणून परत वर गेले. टेबलावर दोन नवे पेन्सिल सेल होते, ते घेतले. खिशातल्या रेडिओपर्यंत पोचेल एवढीच वायर बाहेर ठेवली, उरलेली सगळी त्या सेलांभोवती घट्ट गुंडाळली, वर रबर बँड लावला, आणि ते पुडकं हेल्मेटच्या डाव्या बाजूला, गादीच्या मागे दाबून बसवलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला नीटनेटकेपणा आवडतो. रुमाल विसरले असेन असं समजून बाबांनी काही विचारलं नाही.

त्या दिवशी रिंग रोडला लागेपर्यंत उजव्या कानात कुणीतरी बोलत होतं आणि त्याच्या बोलण्यावर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज होता. धौला कुआँ गेल्यावर माणूस बुडाला आणि मोहरी उरली. डाव्या कानात मात्र सुरुवातीपासून काहीच नव्हतं. खरखरही नाही. त्या बाजूला कुणी कापसाचा बोळा घातल्यासारखं वाटत होतं.

“कसं आलं?” माझ्या इमारतीच्या दाराशी बाबांनी विचारलं.

“ठीक,” मी म्हणाले.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण बाबांनी एवढ्या हौसेने केलेली गोष्ट, आणि पहिल्याच दिवशी तिच्यातलं न्यून काढायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. शिवाय उद्या येईल आपोआप, असंही वाटलं.

आपोआप काही आलं नाही. खरखर होते एवढं मी दोन-चार दिवसांनी कबूल केलं, डाव्या बाजूचं मात्र बोलले नाही. बाबा खुश झाले, कारण आता त्यांना रविवारचं काम मिळालं. गाडीचा वेग वाढवला की खरखर बारीक आणि भरभर होते, हे त्यांच्याही रेडिओत होत होतं. म्हणजे ती इंजिनच्या ठिणगीची, असं त्यांनी ठरवलं. प्लगवरची टोपी बदलून दुसऱ्या जातीची घातली. त्यांचा रेडिओ स्वच्छ झाला. माझ्या रेडिओतली ती वेगाबरोबर वाढणारी खरखर तेवढी गेली, पण बाकीचा पाऊस तसाच राहिला. मग त्यांनी मला रेडिओ जीन्सच्या खिशातून काढून जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवायला सांगितला. फरक नाही. रेडिओचं एक बटण सरकवून स्टिरिओ बंद केला. थोडा फरक. शेवटी त्यांनी आमचे दोघांचे रेडिओच बदलले. माझा त्यांनी घेतला, त्यांचा मला दिला. माझा रेडिओ त्यांच्याकडे झकास वाजायला लागला आणि त्यांचा माझ्याकडे आल्याबरोबर फसफसायला लागला.

“कमाल आहे,” बाबा दोन्ही रेडिओ हातात घेऊन म्हणाले. “गाडी तीच, रस्ता तोच, रेडिओ बदलून झाला. आता राहिलं काय?”

ते स्वतःशीच बोलत होते. मी मनात उत्तर दिलं: मी.

त्यानंतर तो विचार डोक्यातून गेला नाही. रेडिओ चांगला आहे, चकत्या बाबांनी कानाला लावून पाहिल्या आहेत, म्हणजे डावीकडे आवाज येतोय, फक्त मला ऐकू येत नाही. मग मागचं सगळं आठवायला लागलं. वर्गात मिसने मला दोनदा विचारलेले प्रश्न. बसमध्ये कंडक्टरचं ओरडणं. “बहरी है क्या” असं कोणी कधी म्हटलं होतं ते. एकेक जुनी गोष्ट नव्या अर्थाने उभी राहायची. मी लाजाळू नाहीच, मला ऐकूच येत नसेल, आणि इतकी वर्षं मीच त्याला लाजणं म्हणत असेन, इथपर्यंत मी पोचले.

आईचं किल्लीचं मनगटी घड्याळ होतं. ती अंघोळीला गेली की मी ते एकेका कानाशी धरून पाहायचे. डावीकडे टिकटिक यायची, पण जरा लांबून आल्यासारखी. मला त्या दिवसांत सर्दी होती, दिल्लीच्या हिवाळ्यात कुणाला नसते, पण सर्दीला दोष देणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं वाटायचं. ट्रेनिंगच्या हेडसेटला एकच कान असतो. तो मी नेहमी उजवीकडे लावायचे. एकदा डावीकडे लावून बघितलं असतं तर सरळ कळलं असतं. म्हणूनच मी लावला नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. महिपालपूरच्या पुढे बाबा रोज एका टपरीवर चहाला थांबायचे, त्या दिवशीही थांबले. डोक्यावरून विमान गेलं, पण दिसलं नाही, नुसता आवाज धुक्यातून सरकत गेला. तोही मला एकाच बाजूने आल्यासारखा वाटला.

“आज कसं येतंय?” बाबांनी ग्लास हातात देत विचारलं.

“ठीक.”

“ठीक म्हणजे काय? प्लगची टोपी बदलली, रेडिओ बदलला, तरी तुझं आपलं ठीक. फाइलीवर शेरा मारल्यासारखं.”

मी चहाकडे बघत राहिले. मला जे सांगायचं होतं ते आधी इंग्रजीत तयार झालं. मग हिंदीत. मराठीत आणताना ते दोनदा निसटलं. बाबा वाट बघत होते. तशी त्यांना माझी वाट बघायची सवय होती.

“बाबा, आजची टेस्ट मी पास नाही होणार.”

“का?”

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

बाबांनी ग्लास बाकावर ठेवला. “कधीपासून?”

“हेल्मेटपासून.”

“हेल्मेटपासून म्हणजे?”

“रेडिओ डावीकडे येतच नाही. कधीच आला नाही. तुम्ही रेडिओ बदललात तरी नाही. मग राहिलं काय, असं तुम्हीच म्हणालात.”

“हेल्मेट काढ,” ते म्हणाले. मी काढलं. ते उठून माझ्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. “उजवा कान दाबून धर. घट्ट. मागे बघू नकोस.”

एक ट्रक गेला. तो पुरता जाईपर्यंत ते थांबले. मग माझ्या डाव्या खांद्यामागून अगदी हळू आवाज आला.

“आईला सांगू नकोस. साइटवरून येताना मी इथे रोज ब्रेड पकोडा खातो.”

“आईला माहीत आहे,” मी म्हणाले. “तुमच्या रुमालाला वास येतो.”

मग आणखी हळू, जवळजवळ नुसता श्वास:

“खालच्या काकूंची कढी मला मुळीच आवडत नाही.”

“मला पण नाही.”

बाबा पुढे आले आणि बाकावर बसले. त्यांनी चष्मा काढून मफलरच्या टोकाने पुसला. धुक्यात चष्मा पुसायला कारण लागत नाही, पण ते बराच वेळ पुसत होते.

“कान चांगला आहे की,” ते म्हणाले. “तुझी आई किती दिवस माझ्या मागे लागलीये, हिला दाखवून आणा म्हणून. मी म्हटलं, टेस्ट आहेच, त्यात कळेल. मलाही वाटायला लागलं होतं.”

म्हणजे आम्ही तिघंही एकाच घरात, एकाच गोष्टीला घाबरून, एकमेकांशी तिच्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. लाजरेपणाचं खापर सगळे माझ्यावर फोडायचे, पण तो मला आकाशातून मिळाला नव्हता.

“आण इकडे ते,” बाबा म्हणाले. त्यांनी माझं हेल्मेट मांडीवर उलटं ठेवलं आणि डाव्या बाजूची गादी बोटाने उचलून ओढली. पुडकं त्यांच्या हातात आलं. वायरीच्या घट्ट वेटोळ्यात दोन पेन्सिल सेल, वरून रबर बँड.

“हे काय आहे?”

“सेल.”

“ते दिसतंय. पण इथे कशाला?”

“तुम्ही सांगितलं होतं.”

“मी?”

“पहिल्या दिवशी. गाडी चालू होती तेव्हा. वायर, सेल ठेव, नाहीतर खरखर येईल.”

बाबांनी पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पुडक्याकडे.

“सैल,” ते म्हणाले. “सैल म्हटलं मी. स, इ, ल. वायर सैल ठेव.”

“सैल म्हणजे?”

“सैल म्हणजे सैल. ढीली.”

“मग ढीली म्हणायचं ना.”

“आमच्या मिरजेत ढीली नाही म्हणत. पायजम्याची नाडी सैल असते, अंगरखा सैल असतो, वायर पण सैल असते.” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “तुला हा शब्दच माहीत नाही?”

मला तो खरंच माहीत नव्हता. आमच्या घरात मराठी बोललं जायचं, पण जिन्यावरून उतरलं की हिंदी आणि शाळेत इंग्रजी. असे किती शब्द वाटेत गळून गेले ते ज्याचे गळले त्याला कसं कळणार. बाबा ‘सइल’ म्हणाले असणार, पण दिल्लीत तो उच्चार कुणी करत नाही, आणि माझ्या कानाला आपला ओळखीचा सेल सापडला.

“अरे यार,” बाबा म्हणाले. ते घरात कधी यार म्हणत नसत. मग ते हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टपरीवाल्याने विचारलं, “क्या हुआ, साहब?” बाबांनी पुडकं वर धरून दाखवलं पण हसण्यात त्यांना काही सांगता येईना. मीसुद्धा हसले. बाहेर, लोकांसमोर, आवाज करून. मला आठवतं, हसताना मी लक्ष देऊन ऐकत होते, दोन्हीकडून येतंय का म्हणून.

हसू ओसरल्यावर बाबांमधला इंजिनिअर जागा झाला. या छोट्या रेडिओला वेगळी एरियल नसते, त्यांनी सांगितलं. कानाला जाणारी वायर हीच त्याची एरियल. ती लांब, मोकळी राहिली तरच तो स्टेशन पकडतो. मी ती गुंडाळून, शिवाय लोखंडी कवचाचे सेल आत घालून, अगदी व्यवस्थित तिचा गळा आवळला होता. आणि डाव्या चकतीला जोडलेली केसासारखी बारीक तार त्या सेलांच्या दाबाने तुटून गेली होती, बहुधा पहिल्याच दिवशी, मी पुडकं दाबून बसवलं तेव्हा. “इतकं नीट काम आमच्या साइटवर कोणी करत नाही,” ते म्हणाले.

त्यांनी नखाने तारेची टोकं मोकळी केली, पीळ घातला, टूल बॉक्समधली काळी टेप गुंडाळली. गादी परत बसवली. मी हेल्मेट घातल्यावर वायर माझ्या मानेमागून जॅकेटवरून खाली सोडली आणि कमरेच्या पट्ट्याजवळून वळवून खिशात आणली.

“आता ही कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“सैल,” मी म्हणाले.

मी रेडिओ लावला. एक बाई रस्त्यावर कुठे गर्दी आहे ते सांगत होती. आवाज उजवीकडून आला नाही, डावीकडूनही आला नाही. तो डोक्याच्या अगदी मधोमध आला, जणू मीच विचार करत होते आणि तो तिच्या आवाजात ऐकू येत होता. खरखर नव्हती. राजोकरीपर्यंत आवाज गेला नाही, बॉर्डरच्या पुढे गेला नाही, नव्या बिल्डिंगांच्या क्रेनखालून आम्ही गेलो तरी ती बाई तिथेच होती. पुढे बाबांची पाठ होती. ते त्यांच्या एका कानाने तेच स्टेशन ऐकत होते, हे मला त्यांची मान गाण्यावर हलायला लागली तेव्हा कळलं.

तपासणी एका बंद, जाड भिंतींच्या खोलीत झाली. कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. आधी उजवा कान, मग डावा. आवाज बारीक होत होत जवळजवळ नाहीसे झाले, आणि तरी मला ते येत होते. कुठेतरी लांब एखादा काजवा टिमटिमावा तसे. मी इतकं मन लावून कधी काही ऐकलं नव्हतं. काचेपलीकडच्या बाईंनी मला बाहेर बोलावलं आणि कागदावर सही करता करता म्हणाल्या, “बिल्कुल ठीक हैं दोनों.” त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मी थँक यू म्हणून बाहेर आले आणि पहिल्यांदा समोर दिसलेल्या खुर्चीवर बसले. इतके दिवस मी किती घट्ट धरून बसले होते ते सोडल्यावर कळलं. असं सोडण्याला मराठीत काय म्हणायचं ते मला आता माहीत होतं.

त्या संध्याकाळी बाबा मुद्दाम मला घ्यायलाही आले होते; त्यांनी मला दाराशी सोडलं आणि ते गाडी लावायला मागे गेले. आई काकूंच्या खिडकीशी उभी होती, हातात पुन्हा कढीपत्ता. बाबांनी तिला साइटवरून फोन करून सांगितलं असावं, कारण मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. पण काकू बाहेर आल्या होत्या आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी हेल्मेट घातलेलं होतं, आणि त्यांनी आवाज नेहमीसारखाच ठेवला होता.

“मग? दाखवलंत का तिला कुणाला? की नुसतं लाजते लाजते करत बसणार?”

आई उत्तर देणार होती. मी पट्टा सोडला, हेल्मेट काढून हातात घेतलं. वायर गुडघ्यापर्यंत लोंबत होती, ती तशीच राहू दिली. काकू वळल्या तेव्हा मी तिथेच, पायरीवर उभी होते. या वेळी आंटी की काकू, म्हणता की म्हणताय, यात मी वेळ घालवला नाही.

“काकू, मला दोन्ही कानांनी ऐकू येतं,” मी म्हणाले. “उत्तर मराठीत आणायला तेवढा वेळ लागतो.”